निकोलस स्टेनो : शार्कच्या जबड्यातून डोंगराकडे

इंजिनिअरिंग जिऑलॉजीच्या पुस्तकात निकोलस स्टेनोच्या वाट्याला फार तर चार ओळी येतात. थरांचे नियम सांगणारा माणूस, साल १६६९, पुढचा टॉपिक. आम्ही सिव्हिलवाले तेवढं पाठ करतो, ओरलला सांगतो आणि विसरतो. बाकीच्या ब्रँचना तर हे नावसुद्धा ठाऊक नसतं.

मला स्टेनो भेटला तो मात्र जिऑलॉजीत नाही, शार्कमध्ये. मी सूर्यमाळचा. मोखाडा तालुक्यातलं हे थंड हवेचं ठिकाण. नागली-वरईचे उतार, जंगल, आणि पावसाळ्यात समोरचा माणूस दिसणार नाही असं धुकं. समुद्राशी आमचा संबंध बाजारात येणाऱ्या सुक्या मासळीपुरता. सुकट, बोंबील आणि कधीमधी खारवलेल्या मुशीचे तुकडे. मुशी म्हणजे लहान जातीचा शार्कच! तिच्या तुकड्यात इतर माशांसारखा बारीक काटा सापडत नाही, कारण शार्कच्या अंगात हाड नावाची गोष्टच नसते, सगळा सांगाडा कूर्चेचा. आपल्या कानात जे असतं ते. हे कळलं आणि वेड लागलं. डोंगरातल्या पोराला शार्कचं वेड, यावर घरचे आणि होस्टेलवरचे मित्र सारखेच हसतात. पण शार्कवर मिळेल ते वाचत गेलो, आणि वाट कुठूनही धरली तरी सतराव्या शतकातला हा एक डॅनिश माणूस मध्ये उभा असायचाच. म्हणून त्याची गोष्ट.

त्याचं खरं नाव नील्स स्टेन्सन. स्टेनो हे लॅटिन रूप. जन्म कोपनहेगनचा, आजच्या कॅलेंडरप्रमाणे ११ जानेवारी १६३८. वडील सोनार. लहानपणी नील्स बरीच वर्षं आजारी होता, त्यामुळे बरोबरीच्या मुलांत खेळण्यापेक्षा मोठ्या माणसांच्या गप्पा ऐकण्यात त्याचा वेळ गेला. सहा वर्षांचा असताना वडील गेले. पुढे गावात प्लेग आला, त्यात शाळेतली कितीतरी मुलं दगावली. १६५६ मध्ये तो विद्यापीठात वैद्यक शिकायला लागला, तर दोन वर्षांत स्वीडनच्या सैन्याने शहराला वेढा घातला. आपल्याकडे परीक्षा पुढे ढकलली तरी आठवडाभर चर्चा चालते. हा गडी वेढा पडलेल्या शहरात बसून वाचलेल्या पुस्तकांची टिपणं काढत होता. त्या वहीला त्याने नावही झकास दिलं होतं, ‘केऑस’. म्हणजे गोंधळ!

१६६० मध्ये तो शिकायला ॲमस्टरडॅमला गेला. वय बावीस, म्हणजे आपल्या फायनल इयरच्या मुलाएवढा. तिथे ब्लासियस नावाच्या प्राध्यापकाच्या घरी त्याची राहायची सोय होती. एकदा मेंढीचं डोकं आणून तो शिरा तपासत बसला असताना त्याची सळई गालातल्या एका नळीत सहज सरकत गेली आणि पलीकडे दातांवर टक्कन वाजली. कानापुढच्या ग्रंथीतून तोंडात लाळ आणणारी ही नळी तोवर कुणी नीट पाहिलेली नव्हती. ब्लासियसने आधी ती किरकोळ म्हणून उडवून लावली आणि मग शोध आपलाच आहे असं जाहीर केलं. बावीस वर्षांच्या परदेशी मुलाने प्राध्यापकाशी भांडायचं म्हणजे काय, हे सांगायला नको. स्टेनो भांडला, पण पुराव्याने. त्या नळीचं अचूक वर्णन त्याला करता येत होतं, प्राध्यापकाला येत नव्हतं. आज जगभरचे मेडिकलचे विद्यार्थी तिला स्टेन्सनची नलिका म्हणतात.

नंतर लायडनला त्याने हृदय कापून पाहिलं आणि ते निव्वळ स्नायू असल्याचं सांगितलं. तोवर हृदय हे उष्णतेचं, प्राणाचं आणि आणखी कशाकशाचं घर मानलं जात होतं. एवढं करूनही कोपनहेगनला परत गेल्यावर त्याला प्राध्यापकाची जागा मिळाली नाही. मग तो पॅरिसला गेला. तिथे १६६५ मध्ये त्याने मेंदूवर एक व्याख्यान दिलं, आणि त्याची सुरुवातच आपल्याला मेंदूबद्दल काहीही कळत नाही या कबुलीने केली. त्या काळी देकार्तचा शब्द म्हणजे प्रमाण. मेंदूतल्या एका इवल्या ग्रंथीच्या हालचालीवर देकार्तने सगळं शरीर चालवलं होतं. तशी हालचाल तिथे शक्यच नाही, हे स्टेनोने दाखवून दिलं. पुस्तकात काय आहे यापेक्षा टेबलावर काय आहे ते बघायचं, ही सवय त्याला आयुष्यभर पुरली.

आता शार्क! १६६६ मध्ये स्टेनो इटलीत फ्लोरेन्सला पोचला. तिथला ग्रँड ड्यूक फर्दिनांदो दुसरा विज्ञानाचा शौकीन होता, त्याने स्टेनोला आश्रय दिला. ऑक्टोबरमध्ये लिव्होर्नोच्या समुद्रात कोळ्यांना एक जंगी ग्रेट व्हाइट शार्क सापडला. ड्यूकने त्याचं डोकं मागवून स्टेनोपुढे ठेवलं.

ते डोकं त्याने कसं पाहिलं हे मला सगळ्यात जास्त आवडतं. एवढं मोठं धूड, पण मेंदू अगदीच लहान, हे त्याने नोंदवलं. तोंडाभोवतीच्या कातडीवरची बारीक भोकं आणि त्यातून येणारा बुळबुळीत द्रव त्याने पाहिला. या नळ्यांचं बारकाईने वर्णन पुढे १६७८ मध्ये लोरेन्झिनी नावाच्या इटालियनाने केलं, म्हणून आज त्या त्याच्या नावाने ओळखल्या जातात. त्यांचं काम मात्र विसाव्या शतकात कळलं. ते विजेचे सेन्सर आहेत! वाळूत दडलेल्या माशाच्या स्नायूंतून निघणारं विजेचं क्षेत्र शार्कला त्यांच्यामुळे जाणवतं. सेंटीमीटरला ५ नॅनोव्होल्ट इतकं क्षीण क्षेत्रसुद्धा काही जातींना कळतं. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी हा आकडा परत एकदा वाचावा.

आणि दात. शार्कचे दात ओळीमागे ओळी असे बसलेले असतात. पुढचा पडला की मागचा पुढे सरकतो, असे आयुष्यभरात हजारो दात येतात आणि जातात. स्टेनोने ते हातात घेतले तेव्हा त्याला दुसरीच वस्तू आठवली. माल्टा बेटावर खडकांत त्रिकोणी, धारदार दगड ढिगांनी सापडत. लोक त्यांना जिभेचे दगड म्हणत. संत पॉलला त्या बेटावर साप चावला, तेव्हा त्याने सापांच्या जिभा दगडाच्या करून टाकल्या अशी समजूत होती. विषावर उतारा म्हणून लोक ते गळ्यात घालत. रोमन काळातला प्लिनी तर ते ग्रहणात आकाशातून पडतात असं लिहून गेला होता. आणि शिकलेली मंडळी म्हणत, हे दगड जमिनीतच आपोआप उगवतात.

हे शार्कचे दात आहेत असं म्हणणारा स्टेनो पहिला नव्हे. फाबिओ कोलोन्ना याने १६१६ मध्येच तसं लिहिलं होतं. पुष्कळ ठिकाणी सगळं श्रेय स्टेनोला देतात, ते बरोबर नाही. स्टेनोचं मोठेपण पुढच्या प्रश्नात आहे. दात शार्कचा असेल, तर तो डोंगरातल्या खडकाच्या पोटात गेला कसा?

त्याने साधा विचार केला. झाडाचं मूळ खडकात वाढतं तेव्हा एकतर खडकाला तडा जातो, नाहीतर मूळ वाकडंतिकडं होतं. हे दगड तर सगळे एकाच घाटाचे, कुठे दबलेले नाहीत. म्हणजे ते खडकात वाढलेले नाहीत. ते आधीच कठीण होते, भोवतालची माती तेव्हा मऊ होती. म्हणजे ती गढूळ पाण्यातून खाली बसलेला गाळ. म्हणजे इथे कधीतरी पाणी होतं! ढिगाने दात का सापडतात, याचं उत्तरही शार्कच्या जबड्यातच होतं. एकेका शार्कला इतके दात, मग ढीग होणारच. आणि आज आपण यात भर घालू शकतो, की कूर्चेचा सांगाडा कुजून जातो, म्हणून मागे राहतात ते बहुतेक दातच.

१६६७ मध्ये हे छापून आलं, तेही स्नायूंच्या भूमितीवरच्या पुस्तकाला जोडून. त्या पुस्तकात त्याने स्नायूच्या तंतूंची आकृती काढून गणिताने दाखवलं, की आकुंचन पावताना स्नायूचं आकारमान वाढायची गरज नसते. मेकॅनिकलवाल्यांना ती आकृती परकी वाटणार नाही. त्याच पुस्तकात तिसरं एक प्रकरण आहे, लहान जातीच्या शार्कच्या मादीचं विच्छेदन. तिच्या पोटातली अंडी पाहून स्टेनोने म्हटलं, की स्त्रीच्या शरीरातल्या ज्या ग्रंथींना वैद्य वृषण म्हणतात त्या खरं म्हणजे अंडाशय आहेत. माणसाचा जन्म अंड्यापासून होतो या समजुतीचा एक धागा असा शार्कपर्यंत जातो.

शार्कचं बाळंतपण हा तर स्वतंत्र लेखाचा विषय आहे. काही जाती अंडी घालतात, काही अंडी पोटातच उबवतात, आणि काही चक्क नाळेने पिल्लू पोसतात. आपल्या किनाऱ्यावरची मुशी या तिसऱ्या प्रकारातली. तिचं अंडं जेमतेम एक मिलिमीटरचं असतं, पुढचं सगळं पोषण आईकडून. मुंबईत सेटना आणि सारंगधर या दोघांनी १९४० च्या दशकात मुंबईच्या समुद्रातल्या या मंडळींच्या प्रजननावर संशोधन निबंध लिहिले. खाली सागरी जिल्हा आणि वर डोंगरी जिल्हा असं आमचं पालघर, पण शाळेत आम्हाला यातलं काही सांगितल्याचं आठवत नाही. असो.

स्टेनो त्या एका दातापाशी थांबला नाही. पुढची दोन वर्षं तो टस्कनीच्या डोंगरदऱ्या, खाणी, कडे पाहत हिंडला आणि १६६९ मध्ये त्याने एक छोटं पुस्तक काढलं. विषय, घन पदार्थाच्या आत सापडणारा घन पदार्थ. नाव विचित्र आहे, पण कल्पना आपल्या काँक्रीट लॅबमधली आहे. क्यूब फोडला तर सिमेंटमध्ये खडीचा ठसा उमटलेला दिसतो, खडीवर सिमेंटचा नाही. म्हणजे आधी कठीण कोण होतं? खडी. बस, हाच नियम. याच पुस्तकात थरांचे नियम आले : खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा, थर मुळात आडवे बसतात, मध्येच तुटलेला थर पलीकडेही सापडायला हवा. स्फटिक लहान असो की मोठा, त्याच्या पृष्ठांमधले कोन तेच राहतात, हे त्याने क्वार्ट्झवरून सांगितलं तेही इथेच.

हे वाचल्यावर मी आमच्या डोंगराकडे वेगळ्या नजरेने बघायला लागलो. सूर्यमाळचा काळा दगड लाव्हाचा, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. त्यात शार्कचा दात सापडायचा नाही, त्यासाठी कच्छला जावं लागेल. पण स्टेनोचे नियम मात्र लाव्हाच्या थरांनाही लागू पडतात. कसारा घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलाय तिथे बघा, एकावर एक आडवे थर, आणि मध्येच कुठे विटकरी मातीचा पट्टा. एक लाव्हा थंड झाला, त्याची माती झाली, मग दुसरा आला. दगडाच्या पोकळीत पांढरे स्फटिक असतात, गुरं चारायला गेलेली पोरं ते गोळा करतात. स्फटिकाने पोकळीचा आकार घेतलाय, म्हणजे आधी दगड, मग स्फटिक. खडीचाच नियम, फक्त उलटा लावायचा.

एक सांगायला हवं, स्टेनोने पृथ्वीचं वय कोट्यवधी वर्षं असल्याचं कुठेही म्हटलेलं नाही. बायबलमधला काळ त्याला मान्य होता आणि टस्कनीचे थर त्याने त्याच हिशेबात बसवले.

आणि मग त्याने हे सगळं सोडलं. १६६७ मध्येच त्याने कॅथलिक पंथ स्वीकारला होता. मायदेशी दोन वर्षं शरीरशास्त्र शिकवून तो परत इटलीत आला आणि १६७५ मध्ये धर्मगुरू झाला. दोन वर्षांनी बिशप करून त्याला हॅनोव्हरला पाठवलं. तिथे त्याची गाठ लाइब्निझशी पडली, आपल्या कॅल्क्युलसवाल्या लाइब्निझशी. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाने शास्त्र सोडावं याची लाइब्निझला फार चुटपुट लागली होती. मलाही लागते. पण मनात आलं ते अर्धवट करायचं नाही, हा त्याचा स्वभाव धर्मातही तसाच राहिला. म्युन्स्टरला बिशपच्या निवडणुकीत पैसे चालले, तेव्हा निषेध म्हणून तो पद सोडून निघून गेला. बिशपची अंगठी आणि क्रॉस विकून त्याने गरिबांना पैसे वाटले. फाटके कपडे आणि उपासतापास यांनी तब्येत पार ढासळली. उत्तर जर्मनीत श्वेरिन इथे ५ डिसेंबर १६८६ रोजी तो गेला. वय ४८.

त्याचं शव फ्लोरेन्सला नेऊन सॅन लोरेन्झो चर्चमध्ये पुरलं, जिथून शार्कच्या डोक्याची गोष्ट सुरू झाली त्याच गावात. १९८८ मध्ये पोपने त्याला संतपदाच्या आधीची पायरी दिली. १६६९ चं ते पुस्तक त्याने नुसती प्रस्तावना म्हणून लिहिलं होतं. मुख्य ग्रंथ नंतर येणार होता. तो कधीच आला नाही.