न्यायमूर्ती गजेंद्रगडकर

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्यावे, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. साधुसंत व वीरपुरुष यांच्यावर दरवर्षी लिहिले जातेच, म्हणून यंदा मी एका न्यायाधीशाचे चरित्र घेतले आहे. भगिनींनो, कोर्टाचे नाव वाचून पान उलटू नका. सवत घरात आणण्याची पुरुषाची मोकळीक आपल्या प्रांतात कायद्याने बंद झाली आणि ती बंदी हायकोर्टात टिकली, त्यात या गृहस्थांचा वाटा आहे.

प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांचा जन्म १६ मार्च १९०१ रोजी साताऱ्यास झाला. घराणे संस्कृत पंडितांचे. धारवाड व पुणे येथे शिक्षण घेऊन त्यांनी मुंबईस वकिली केली आणि १९४५ साली ते मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. धर्मशास्त्र घरातूनच ठाऊक असलेला हा माणूस पुढे सुधारणेच्या बाजूने उभा राहिला, हे मला विशेष वाटते.

मुंबई सरकारने १९४६ साली हिंदू पुरुषास एक पत्नी असता दुसरी करण्याची बंदी केली. पुढे १९५० साली राज्यघटना आली आणि कायद्यापुढे सारे समान ठरले. तेव्हा खटला झालेल्यांच्या बाजूने कोर्टात सांगण्यात आले की, मुसलमान शेजाऱ्यास मोकळीक आणि आम्हासच तुरुंग, हा पक्षपात होय. शिवाय पुत्रावाचून गती नाही, हा धर्माचा मुद्दा होताच. जुलै १९५१ मध्ये नरसू आप्पा माळी यांच्या खटल्यात मुख्य न्यायाधीश छागला व गजेंद्रगडकर यांच्यापुढे हा प्रश्न आला.

अशा वेळी कोर्ट काय पाहते? घरचेच उदाहरण घेऊ. बाळंतिणीस रांगेत पुढे सोडले तर कोणी अन्याय म्हणत नाही. पण हळदीकुंकवास विधवा भगिनीस वगळले तर? दोघींच्या स्थितीत फरक आहे खरा. पण चार बायकांनी एकत्र यावे हाच हेतू असेल, तर नवरा हयात असण्याचा त्याच्याशी संबंध काय? फरक खरा आहे काय आणि कायद्याच्या हेतूशी तो जुळतो काय, हे दोन प्रश्न कोर्ट विचारते.

दोघा न्यायाधीशांनी निरनिराळी निकालपत्रे लिहिली, पण कायदा उचलून धरला. सुधारणा टप्प्याटप्प्याने करता येते. कोणता समाज आधी तयार आहे हे कायदेमंडळाने ठरवावे. पुत्र हवा तर दत्तक घेता येतो. पुढे १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने हीच बंदी देशभर लागू केली.

त्याच निकालातील दुसरा भाग मात्र मला पटत नाही. धर्मशास्त्रावर आधारलेला कौटुंबिक कायदा मूलभूत हक्कांच्या कसोटीवर घासता येणार नाही, तो बदलणे कायदेमंडळाचे काम, असे त्यात ठरले. म्हणजे अशा रूढ कायद्याखाली जिच्यावर अन्याय होतो, तिला कोर्टाचे दार लोटून घेतल्यासारखेच झाले. शबरीमला निकालात २०१८ साली न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी या भूमिकेशी स्पष्ट मतभेद नोंदविला. एकाच लेखणीने एक कुलूप काढले आणि दुसरे घातले, हे चरित्रकाराने झाकू नये.

१९५६ साली गजेंद्रगडकर सर्वोच्च न्यायालयात गेले. म्हैसूर सरकारने इंजिनियरी व वैद्यकीय कॉलेजांतील शेकडा ६८ जागा राखून ठेवल्या होत्या. त्या प्रकरणी १९६२ साली त्यांनी लिहिले की, मागासलेपण नुसत्या जातीवरून ठरवू नये आणि राखीव जागा साधारणतः निम्म्यांहून कमी असाव्यात. त्यावरून आजही घरोघर वाद होतात, आमच्याही घरी होतात!

१९६४ साली ते भारताचे सरन्यायाधीश झाले. जानेवारी १९६६ मधील त्यांचा निकाल आपल्याला जवळचा वाटावा. अकलूजहून पंढरपूर ते किती! साने गुरुजींच्या उपोषणानंतर १९४७ साली तेथे विठ्ठलाचे दार सर्वांना उघडले, हे आपण ऐकत आलो. अहमदाबादच्या स्वामिनारायण सत्संगींनी मात्र, आमचा संप्रदाय हिंदू धर्माहून वेगळा, सबब मंदिरप्रवेशाचा कायदा आम्हास लागू नाही, असा दावा १९४८ सालीच लावला होता. तो अठरा वर्षे चालला. गजेंद्रगडकरांनी तो फेटाळला, आणि तसे करताना हिंदू धर्म म्हणजे काय याचा विस्ताराने ऊहापोह केला. घरची पंडिती येथे कामास आली.

त्यानंतर दोनच महिन्यांनी ते निवृत्त झाले. मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद व विधी आयोगाचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले. १२ जून १९८१ रोजी ते निवर्तले.