देवकीनंदन खत्री : वाचक घडविणारा कादंबरीकार

देवकीनंदन खत्री यांचा जन्म १८६१ साली बिहारमधील पुसा येथे झाला. त्यांचे आरंभीचे शिक्षण उर्दू-फारसीत झाले. हिंदी व संस्कृत यांचा परिचय पुढे काशीच्या वास्तव्यात वाढला. काशीनरेशांच्या कृपेने त्यांना चकिया व नौगढ येथील जंगलांचा मक्ता मिळाला. या व्यवसायाच्या निमित्ताने तेथील ओसाड किल्ले, गुहा आणि पडक्या इमारती त्यांनी पायाखाली घातल्या. मक्ता संपला, परंतु ते अवशेष मनात राहिले. त्यांतूनच ‘चंद्रकांता’ ही कादंबरी व पुढे २४ भागांची ‘चंद्रकांता संतति’ साकार झाली. नौगढ, विजयगढ व चुनार ही खरी स्थळे तिलिस्मांनी आणि वेषांतरपटू ऐयारांनी गजबजून गेली.

या लोकप्रियतेचे मोल त्या काळाच्या संदर्भातच कळते. वायव्य प्रांत व अयोध्या येथील कचेऱ्यांत तेव्हा उर्दूचे वर्चस्व होते. नागरी लिपीला तेथे अधिकृत मुभा मिळाली ती १९०० साली. तत्पूर्वी नोकरीच्या दृष्टीने नागरी शिकण्यात तेथे फारसा लाभ नव्हता. असे असता अनेक उर्दूजाणते लोक ती लिपी शिकले, ते केवळ चंद्रकांतेचे पुढे काय झाले हे जाणण्यासाठी. नागरीच्या पुरस्कर्त्यांनी सभा भरविल्या, अर्ज केले. खत्रींनी उत्कंठा निर्माण केली. विशेष म्हणजे तिलिस्म व ऐयारी ही सामग्री उर्दू-फारसी दास्तानांच्या परंपरेतील होती. त्या वारशाचा त्यांनी अव्हेर केला नाही. कोशावाचून समजेल अशा सोप्या, मिश्र बोलीत तो नव्या वाचकांपुढे ठेवला.

१८९८ साली त्यांनी काशीत लहरी प्रेस स्थापन केला. १९१३ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा ‘भूतनाथ’ अपुरी होती. ती त्यांचे पुत्र दुर्गाप्रसाद यांनी पूर्ण केली.

रामचंद्र शुक्ल यांनी १९२९ च्या आपल्या इतिहासग्रंथात या कादंबऱ्यांना घटनाप्रधान ठरवून उच्च साहित्याच्या कोटीत स्थान नाकारले. मात्र हिंदीला एवढे वाचक दुसऱ्या कोणत्याही लेखकाने मिळवून दिले नाहीत, हेही त्यांनी मान्य केले. या दोन निर्णयांत वरवर विरोध दिसतो. कादंबरीचा लाभ बोधात शोधणाऱ्या समीक्षेला तो सहजी सुटत नाही. खत्रींच्या वाचकाला उपदेश मिळाला नसेल, पण रंजनाच्या ओढीने त्याने एक लिपी आत्मसात केली, आणि ती त्याच्यापाशी कथा संपल्यावरही राहिली. पुढील गंभीर हिंदी कादंबरीला जो वाचकवर्ग तयार मिळाला, त्याच्या घडणीत या कथांचा वाटा मोठा आहे.