टाकळीची बारा वर्षे



नाशिकच्या द्वारका चौकातून ज्यांचे जाणेयेणे आहे त्यांना तिथली गडबड सांगायला नको. मुंबईहून आग्र्याकडे जाणारा रस्ता आणि पुण्याचा रस्ता इथेच एकमेकांना भेटतात. डोक्यावर उड्डाणपूल, खाली मोटारी, ट्रक, रिक्षा यांची रीघ. नाव मात्र थेट भगवंताच्या नगरीचे. भगवंताने मथुरा सोडून समुद्राकाठी नवे गाव वसवले ती द्वारका, आणि पुढे तीही सोडून तो भीमेकाठी विटेवर येऊन उभा राहिला, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. गाव बदलणे प्रत्यक्ष देवाला चुकले नाही, मग ते तुम्हाआम्हांला कुठून चुकणार?

या द्वारकेजवळ राहणारे एक माळकरी आजोबा आमच्या ओळखीचे आहेत. सगळा जन्म मराठवाड्यात गोदाकाठच्या गावी गेला, आणि आता मुलाच्या नोकरीमुळे इथे चौथ्या मजल्यावर येऊन राहिले आहेत. मागे एका एकादशीस भेटले तेव्हा जीव अगदी कासावीस झालेला. इथे काकड्याला कुणी हाक मारीत नाही, पहाटे टाळाचा आवाज नाही, समोरच्या दाराआड कोण राहते ते ठाऊक नाही, हे गाव काही आपले नव्हे, एवढेच ते पुन्हा पुन्हा सांगत होते. कार्तिकी झाली की गावी परत जायचे त्यांनी मनात धरले होते. गावी आता त्यांच्यामागे पाहणारे कुणी नाही. सून आणि नातवंडे त्यामुळे हिरमुसलेली.

आम्ही त्यांना उपदेश केला नाही. आमचा तो अधिकारही नाही. त्यांच्याच मुलखातून याच नाशकात आलेल्या एका बारा वर्षांच्या मुलाची हकिगत तेवढी सांगितली. तीच आज वाचकांपुढे ठेवतो. तो मुलगा म्हणजे पुढे झालेले श्रीसमर्थ रामदासस्वामी.

समर्थांचा संप्रदाय निराळा, आपला निराळा, हे खरे. त्यांचे दैवत राम, आपला विठोबा. पण संतांच्या घरी असला परकेपणा नसतो, आणि शिकण्यासारखे जिथे दिसेल तिथून घ्यावे ही तर आपल्याच संतांची शिकवण.

समर्थांचा जन्म शके १५३०, म्हणजे इ. स. १६०८ च्या रामनवमीचा. आपल्या तुकोबारायांचा जन्मही पुष्कळ जण याच साली मानतात, हा मोठा गोड योग. गाव जांब, आजच्या जालना जिल्ह्यात. वडील सूर्याजीपंत ठोसर, आई राणूबाई, थोरले बंधू गंगाधर. धाकट्याचे नाव नारायण. वडील लवकर गेले. पोर एकांतात बसू लागले तेव्हा आईने चारचौघींसारखा विचार केला, की लग्न झाले म्हणजे संसारात रमेल. बारावे वर्ष लागले आणि नारायण बोहल्यावर उभा राहिला. भटजींनी सावधान म्हटले, आणि अंतरपाटाआडचा नवरदेव खरोखरच सावध होऊन पळाला. ही गोष्ट कीर्तनात रंगवून सांगतात, सभा हसते, आणि बुवा पुढच्या अभंगाकडे वळतात.

पण आम्हांला नेहमी वाटते, की खरी गोष्ट यानंतरची आहे. पळाला ते ठीक, पण पोचल्यावर काय? मजल दरमजल करीत नारायण पंचवटीस आला तो शके १५४२ चा, म्हणजे इ. स. १६२० चा सुमार. ओळखीचे एक माणूस नाही, खायला शिधा नाही, डोक्यावर छप्पर नाही. मलिक अंबर आणि मोगल यांच्या लढायांनी मुलूख गांजलेला. आज आपण डोळे भरून पाहतो ते नाशिक तेव्हा नव्हते. रामकुंडाचे बांधकाम व्हायला अजून पाऊणशे वर्षे होती, आणि काळारामाचे आजचे दगडी मंदिर सरदार ओढेकरांनी बांधले ते तर अठराव्या शतकाच्या शेवटाला. रामाचा वास इथे घडला होता, एवढी एक गोष्ट मनात धरून ते पोर या परक्या गावात उभे राहिले.

आणि इथे नारायणाने आधी काय शोधले असेल? आम्हांला वाटते, नदी. जांबेच्या मुलखाची जी गंगा, तीच ही गोदावरी. आपल्या निवृत्तिनाथांच्या त्र्यंबकेश्वरी ती ब्रह्मगिरीवर उगम पावते, नाशकास येते, आणि खाली पैठणावरून जांबेच्या दक्षिणेने पुढे जाते. म्हणजे मुलगा घरापासून लांब आला तो त्याच पाण्याच्या काठाने वर वर चढत आला. गाव नवे होते, पण पाणी घरचे होते. नव्या जागी पाऊल ठेवल्यावर आधी तिथे आपले काय आहे ते पाहावे. काही ना काही सापडतेच.

राहायला जागा निवडली ती गावाबाहेर टाकळीस. तिथे नंदिनी नदी गोदावरीला मिळते. नंदिनी म्हणजेच नाशिककरांची नासर्डी. द्वारकेहून पुणे रस्त्याने निघाले की जिचा पूल लागतो, तीच ही नदी. आजोबा रोज त्या पुलावरून जात होते, पण खालच्या पाण्याची ही ओळख त्यांना नव्हती. द्वारकेपासून आगरटाकळी पायी पाऊण तासाची वाट. पंढरीची वाट चालणाऱ्या पायांना ती काय लांब?

टाकळीतला दिनक्रम शिष्यपरंपरेने सांभाळून ठेवला आहे. पहाटे उठून स्नानसंध्या, नमस्कार, मग संगमाच्या पाण्यात उभे राहून माध्यान्हापर्यंत जप. गायत्रीचे पुरश्चरण झाले, तेरा अक्षरी राममंत्राचा तेरा कोटी जप झाला, असे सांगतात. मासे पायांना टोचीत आणि या मुलाला भान नसे. हे आपल्याच्याने व्हायचे नाही, हे आम्ही जाणून आहोत. पण त्यापुढची गोष्ट मात्र आपल्या आवाक्यातली आहे, म्हणून ती नीट सांगतो.

दुपारी हा मुलगा पंचवटीत माधुकरीला जाई. आता पाहा, ज्याला नव्या गावाचा तिटकारा आहे तो दार लावून घरात बसतो. याला ती सोयच नव्हती. झोळी घेतली की दारोदार जावेच लागते. कुठल्या घरची माउली तत्परतेने उठते, कुठल्या घरी आजारी माणूस आहे, कुठे चुलीत जाळच नाही, हे सगळे झोळी घेऊन हिंडणाऱ्याला कळते. कुठे अपमान झाला असेल, कुठे मायेचा शब्दही मिळाला असेल. असे रोज, बारा वर्षे. जांबेच्या नारायणाला रामदास हे नाव मिळाले ते इथेच. आईबापांनी ठेवलेले नाव मागे पडले आणि या गावातले नाव जन्माला पुरले. गावाने माणसाला याहून अधिक काय द्यायचे?

जेवण झाले की मंदिरात पुराण ऐकायचे, कीर्तन ऐकायचे, ग्रंथ वाचायचे आणि उतरून काढायचे. तीर्थक्षेत्र म्हटले की विद्वानांची वर्दळ आलीच. जांबेसारख्या लहान गावी जे मिळाले नसते ते इथे मिळत होते, आणि या मुलाने ते दोन्ही हातांनी घेतले. समर्थांच्या हातचे म्हणून जपलेले वाल्मीकिरामायण धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात आहे. ज्याला शक्य आहे त्याने ते अवश्य पाहावे. गावाकडच्या आठवणी काढीत बसला असता, तर एवढे लिहायला हात उचलला असता का?

मात्र टाकळीची वर्षे सगळीच सुखाची नव्हती. शेवटाला, इ. स. १६३० ते १६३२ या काळात, दख्खनात भयंकर दुष्काळ पडला. याच दुष्काळात देहूस तुकोबारायांचे घर उजाड झाले, पहिली पत्नी गेली, मुलगा गेला. एक देहूस, एक टाकळीस. दोघेही ऐन विशीत, आणि दोघांच्याही डोळ्यांसमोर माणसे अन्नावाचून मरत होती. पुढे समर्थांच्या वाणीत लोकांच्या हालांविषयी जी तळमळ दिसते तिचे मूळ या वर्षांत असावे, असे आम्हांला वाटते. गाव आपले कधी होते? तिथले सुख घेतल्याने थोडे होते. तिथले दुःख आपल्या जिवाला लागले, म्हणजे पुरते होते.

टाकळीची आणखी एक गोष्ट. जवळच गोदाकाठी दसक आणि पंचक ही गावे आहेत. तिथल्या कुलकर्ण्याचे प्रेत नेत असता त्याची पत्नी समर्थांच्या पाया पडली, समर्थांच्या तोंडून अष्टपुत्रा होण्याचा आशीर्वाद निघाला आणि मेलेला उठला, अशी कथा संप्रदायात सांगतात. त्या दांपत्याने पहिला मुलगा समर्थांना दिला. तो उद्धव. पुढे टाकळीहून निघायची वेळ आली तेव्हा हे पोर हवालदिल झाले. त्याला आधार म्हणून समर्थांनी मारुती घडवून दिला. कशाचा? गाईच्या शेणाचा! टाकळीचा हा गोमय मारुती आजही आहे, आणि समर्थांनी स्थापिलेला पहिला मारुती म्हणून त्याची पूजा होते.

वाचकहो, यावर थोडा विचार करा. संगमरवर नाही, पाथरवट नाही, पैसा तर नाहीच. त्या जागी हाताशी जे होते त्याचाच देव केला. ज्या जागेत आपल्याला काहीच नाही असे वाटते, तिथे शेण तरी असतेच की! उणीव वस्तूची नसते, हातांची असते. आणि आणखी एक. स्वतःला घर सोडून आलेल्या मुलाचे दुःख ठाऊक होते, म्हणूनच मागे राहणाऱ्या मुलाचे दुःख त्यांना कळले. या गावातून जाताना त्यांनी नेले काही नाही, ठेवले मात्र पुष्कळ. उद्धवस्वामींनी पुढे टाकळीचा मठ सांभाळला.

शके १५५४, म्हणजे इ. स. १६३२ च्या सुमारास समर्थ तीर्थाटनास निघाले. बारा वर्षे भारतखंड पायांखाली घातले. आणि इथे एक गोष्ट झाकून ठेवणे आम्हांला बरे वाटत नाही. जांबेस राणूबाई होत्या. लग्नाच्या मांडवातून गेलेला मुलगा, चोवीस वर्षे त्याची वाट पाहत होत्या. रडून रडून डोळे गेले, असे चरित्रकार लिहितात. समर्थ परतले आणि दारात उभे राहिले तेव्हा आईने हाताने चाचपून लेकाला ओळखले, आणि मग तिला दृष्टी आली, अशी कथा आहे. इ. स. १६५५ मध्ये राणूबाईंनी देह ठेवला तेव्हाही समर्थ जांबेस होते, असे सांगतात. नव्या गावात रमणाऱ्याने हे विसरू नये. जो नवीन गाव आपलासा करतो, त्याने जुन्या गावी वाट पाहणाऱ्या डोळ्यांचे देणेही फेडले पाहिजे.

इ. स. १६४४ च्या सुमारास समर्थ कृष्णाकाठी आले. पुन्हा नवा मुलूख, पुन्हा ओळख ना देख. पण आता सवय झाली होती. मसुरास रामजन्माचा उत्सव सुरू केला. अंगापूरच्या डोहातून रामाची मूर्ती वर काढली आणि इ. स. १६४८ मध्ये चाफळास मंदिर उभे केले. टाकळीस शेणातून मारुती, इथे डोहातून राम. जागा बदलली, रीत तीच. गावोगाव मारुती बसवले, शिवथरच्या घळीत बसून ग्रंथरचना केली. पंढरीस गेले तेव्हा विठ्ठलाच्या ठायी त्यांना आपला रामच दिसला, अशी आख्यायिका आपल्याकडे आवडीने सांगतात. नव्या ठिकाणी आपला देव ओळखण्याची नजर त्यांना टाकळीनेच दिली होती ना! शेवटची वर्षे सज्जनगडावर गेली आणि शके १६०३ च्या माघ वद्य नवमीस, इ. स. १६८२ मध्ये, तिथेच त्यांनी देह ठेवला. जांबेचे पोर, नाशकात वाढले, कृष्णाकाठी विसावले. यांतले त्यांचे गाव कोणते, सांगा बरे!

हे सारे ऐकून आजोबा काही बोलले नाहीत. पण पुढच्या शनिवारी सकाळी नातवाचा हात धरून ते टाकळीस गेले, असे सूनबाईंनी आम्हांला सांगितले. संगमावर पाण्याला हात लावला आणि नातवाला म्हणाले म्हणे, की हे पाणी आपल्या गावाकडे जाते. आता शनिवार सहसा चुकत नाही. तिथे त्यांना आणखी दोघे माळकरी भेटले, एक निफाडकडचे, एक बीडकडचे. तिघेही बाहेरचेच! एकाच्या घरी टाळ आहेत. एकादशीला हरिपाठ म्हणायला जागा मिळाली ती आजोबांच्याच इमारतीच्या खाली, वाहने ठेवतात तिथे. समोरच्या दाराआडच्या बाई पहिल्याच दिवशी येऊन बसल्या. त्यांचे माहेर आळंदीजवळचे निघाले.

काकड्याची हाक अजून येत नाही, आणि चौकातला गोंगाटही कमी झालेला नाही. कार्तिकीला ते पंढरीस गेले, तिथून गावी जाऊन आले. घराची कौले नीट केली, जुन्या मंडळींना भेटले, आणि परत द्वारकेस आले. पुढच्या वर्षी ज्येष्ठात निवृत्तिनाथांची पालखी नाशकात येईल तेव्हा नातवाला घेऊन चार कोस तरी चालायचे असा त्यांचा संकल्प आहे. पांडुरंग तो सिद्धीस नेवो.

वाचकहो, तुमच्यातही कुणी असे नव्या गावी आलेले असतील. त्यांनी एकदा आपल्या दाराबाहेर पडून पाहावे. नदी कुठली वाहते, देऊळ कुठे आहे, शेजारी कोण आहे. आणि काहीच मिळाले नाही, तर टाकळीचा मारुती कशाचा आहे ते आठवावे.

रामकृष्णहरि.