नीरा खोऱ्यातील खारवट जमिनी आणि डॉ. हॅरॉल्ड मॅन

इंदापूरकडून बारामतीला येताना उसाच्या हिरव्या फडांमध्ये मधूनच एखादा पांढरट तुकडा दिसतो. त्यावर पीक नसते. वेड्या बाभळी तेवढ्या असतात. पावसाळ्यात तेथे पाय घसरतो आणि उन्हाळ्यात ढेकूळ दगडासारखे टणक होते. आमच्या लहानपणी थोरली माणसे अशा रानाला चोपण म्हणत आणि त्याचा दोष नशिबाला देऊन मोकळी होत. प्रस्तुत लेखक इतिहासाचा शिक्षक आहे, रसायनशास्त्राचा नव्हे. परंतु या पांढऱ्या तुकड्यांचा शोध घेताना इतिहासातील एका अशा माणसाची ओळख झाली की, ज्याने आपल्या खोऱ्यातील मातीचे आणि आपल्या समाजाच्या दारिद्र्याचे मोजमाप एकाच निष्ठेने केले. त्यांचे नाव डॉ. हॅरॉल्ड मॅन. स्मरणिकेच्या निमित्ताने त्यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहे.

डॉ. मॅन यांचा जन्म १८७२ साली इंग्लंडमध्ये झाला. रसायनशास्त्राचे शिक्षण पूर्ण केल्यावर त्यांनी तेथील रॉयल कृषी संस्थेच्या सेवेत उमेदवारी केली. या संस्थेचे वोबर्न येथे प्रयोगक्षेत्र होते. तेथे काही वाफ्यांना वर्षानुवर्षे अमोनियम सल्फेट हे एकच खत दिले जात असे. प्रारंभी पीक जोमाने आले. पुढे मात्र जमीन आम्लधर्मी होत गेली आणि सातू उगवेनासा झाला. त्या वाफ्यांत चुना घालताच जमीन पुन्हा पिकू लागली. आम्ल आणि आम्लारी एकमेकांना उदासीन करतात, हा शाळेच्या पुस्तकातील नियम तेथे शेताच्या बांधावर उभा होता.

१९०० साली डॉ. मॅन भारतात आले ते चहामळ्यांचे शास्त्रज्ञ म्हणून. आसामातील चहाच्या जमिनींचा त्यांनी अभ्यास केला. चहाच्या झाडाला आम्लधर्मी माती मानवते. चुनखडीच्या जमिनीत ते तग धरत नाही. म्हणजे वोबर्नला जे आम्ल सातूचा नाश करीत होते, तेच आम्ल आसामात चहाला हवे होते. माती मुळात चांगली किंवा वाईट नसते. तिच्यात काय किती आहे, आणि तिच्यात काय लावायचे आहे, यावर सारे अवलंबून असते.

१९०७ मध्ये डॉ. मॅन पुण्यास आले आणि कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. त्यांच्यासमोर लवकरच आपल्या नीरा खोऱ्याचा प्रश्न आला. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळात नीरा डाव्या कालव्याचे काम निघाले आणि १८८५ मध्ये तो वाहू लागला. पुरंदर, बारामती व इंदापूर या कोरडवाहू मुलखाला पाणी मिळाले, ऊस आला, गुऱ्हाळे पेटली. परंतु पाण्याचा निचरा कसा व्हावा, याचा विचार पाणी देण्याइतका झाला नाही. काळ्या जमिनीत मुरलेले पाणी खाली साचत गेले आणि जमिनीखालची त्याची पातळी वर चढली. दिव्याच्या वातीतून तेल वर चढावे तसे ते मातीच्या बारीक छिद्रांतून पृष्ठभागाशी आले. उन्हाने पाणी उडून गेले. त्यात विरघळलेले क्षार मात्र मागे राहिले. ज्या पाण्याने एकाचे शिवार फुलले, त्याच पाण्याने खालच्या अंगाच्या दुसऱ्याचे रान खारावले.

या जमिनींची पाहणी करून डॉ. मॅन यांनी तांबे नव्हे, तर तम्हाणे नामक आपल्या सहकाऱ्यासह १९१० मध्ये नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर एक पुस्तिका मुंबई इलाख्याच्या कृषी खात्यातर्फे प्रसिद्ध केली. त्याच्या आदल्याच वर्षी, १९०९ मध्ये, कोपनहेगन येथे सोरेनसेन या रसायनशास्त्रज्ञाने आम्लता मोजण्याची जी मोजपट्टी मांडली, तिलाच आज आपण सामू म्हणतो. सामू ७ म्हणजे उदासीन. त्याखाली आम्ल, त्यावर आम्लारी. या पट्टीवर एका अंकाचा फरक म्हणजे दहापट फरक असतो. म्हणून सामू ८ असलेल्या आणि ९ असलेल्या रानांत एका अंकाचे अंतर दिसले, तरी पिकाच्या मुळांना ते फार मोठे असते.

येथे आपल्या विद्यार्थ्यांनी एक भेद ध्यानात ठेवावा. प्रत्येक क्षार उदासीन नसतो. खाण्याचे मीठ तीव्र आम्ल आणि तीव्र आम्लारी यांच्यापासून बनते, म्हणून त्याच्या पाण्यात लिटमस बदलत नाही. धुण्याच्या सोड्यात मात्र आम्लाचा वाटा दुबळा असतो. त्याच्या पाण्यात तांबडा लिटमस निळा होतो, आणि हळदीचा कागद लालसर होतो. हळदीत चुना मिसळून कुंकू करणाऱ्या आपल्या आयाबायांना हा रंगबदल पुस्तकावाचून ठाऊक होता. जमिनीचेही असेच आहे. नुसती खारवट जमीन क्षार धुऊन काढल्यास सुधारते. चोपण जमिनीत सोडियम मातीच्या कणांनाच चिकटलेला असतो. तिचा सामू ८.५ च्या वर जातो, कण फुटून विखुरतात आणि पाणी खाली मुरेनासे होते. तिला जिप्सम द्यावे लागते. जिप्सममधील कॅल्शियम सोडियमला मातीपासून सोडवतो आणि सुटलेला सोडियम पाण्याबरोबर चरातून बाहेर जातो. चर नसेल, तर जिप्समचा खर्च वाया जातो. वोबर्नला चुना आणि नीरेकाठी जिप्सम, असे दोन उपाय दोन उलट रोगांवरचे आहेत. निदान चुकले, तर औषधच विष होते.

हीच निदानाची दृष्टी घेऊन डॉ. मॅन आपल्या वस्त्यांत आले. पुण्यातील तत्कालीन अस्पृश्य कुटुंबांचे जीवनमान, मिळकत, खर्च आणि कर्ज यांची पाहणी करून त्यांनी १९१२ मध्ये एक लेख प्रसिद्ध केला. दख्खनमधील एका खेड्यातील महारांवर त्यांनी स्वतंत्र लेखन केले. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांच्या डिप्रेस्ड क्लासेस मिशनच्या पुणे शाखेचे ते अध्यक्षही होते. सत्ताधारी जमातीचा हा अधिकारी महारवाड्यात जाऊन चुलीचा हिशेब विचारत होता, त्या काळी येथील शिकलेल्यांपैकी अनेकांना त्या वाटेने जाणेही विटाळाचे वाटे.

१९१७ मध्ये पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची त्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. जमिनीचे तुकडे कसे पडत गेले आणि शेतकरी कर्जात कसा बुडाला, हे तीत आकड्यांनिशी आले. पुढच्याच वर्षी, १९१८ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लहान शेतांच्या प्रश्नावर आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. शेतीवर अवलंबून असलेल्या माणसांचा भार उद्योगधंद्यांकडे वळविल्याखेरीज केवळ तुकडे जोडून भागणार नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. मोजमापाच्या पुढे जाऊन रोगाच्या मुळाशी जाणे म्हणजे काय, हे तेथे दिसते.

डॉ. मॅन यांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ते परकीय सरकारचे नोकर होते, आणि ज्या मिशनचे त्यांनी काम केले त्याची वाट दयेची व सुधारणेची होती, हक्काची नव्हती. मुंबई इलाख्याचे कृषी संचालक म्हणून काम करून १९२७ मध्ये ते सेवेतून निवृत्त झाले. त्याच वर्षी महाडला चवदार तळ्याचे पाणी हाती घेऊन बाबासाहेबांनी हक्काची वाट उघडली. नीरेच्या पाण्याचा हिशेब डॉ. मॅन यांनी मांडला. पाण्यावर माणसाचा अधिकार मात्र आपल्यालाच सिद्ध करावा लागला.

इंग्लंडला परतल्यावर ते पुन्हा त्याच वोबर्नच्या प्रयोगक्षेत्रावर रुजू झाले आणि वयाची ऐंशी उलटेपर्यंत तेथे माती तपासत राहिले. १९६१ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे सामाजिक लेख पुढे डॅनियल थॉर्नर यांनी ग्रंथरूपाने संपादित केले.

आपल्या वसतिगृहातील कित्येक मुले अशाच खारावलेल्या रानांतून आली आणि येत आहेत. त्यांच्या आईवडिलांना कोणी सांगितले असेल की जमीन नशिबाने नापीक झाली. त्यांच्या आजोबांना तर माणसाचे हीनत्वही जन्माने येते असे सांगितले गेले. दोन्ही सांगणी खोटी. तथागतांनी शिकविल्याप्रमाणे प्रत्येक दुःखाला कारण असते आणि कारण दूर केले की दुःख दूर होते. म्हणून माजी विद्यार्थ्यांना व पालकांना विनंती आहे की, सुट्टीत घरी येणाऱ्या मुलाच्या हाती आपल्या रानातील मूठभर माती द्यावी. तिचा सामू त्याने प्रयोगशाळेत स्वतः पाहावा, वहीत लिहावा आणि आपल्या शेताचा चर कोठून काढावा लागेल, याचा विचार घरच्यांबरोबर बसून करावा. नीरेच्या मातीचे कारण शोधणाऱ्या या अभ्यासकाला तेच खरे अभिवादन ठरेल.