थांबणारा श्वास टिपणारे डॉ. जॉन चेन
पेशंटचा श्वास पाव मिनिट पूर्ण थांबायचा. मग वाढत वाढत धाप लागायची, पुन्हा विरत थांबायचा. डब्लिनमध्ये डॉ. जॉन चेन यांनी 1818 मध्ये हे लिहून ठेवलं. पेशंट वारल्यावर शवविच्छेदनात हृदयात चरबी सापडली.

चेन 1777 चे, स्कॉटलंडमधल्या लीथचे. अठराव्या वर्षीच डॉक्टर! 1836 मध्ये ते गेले. 1854 मध्ये विल्यम स्टोक्स यांनी हा श्वास कमजोर हृदयाशी जोडला, म्हणून नाव पडलं 'चेन-स्टोक्स'.

आज हा सेंट्रल स्लीप ॲप्नियाचा प्रकार मानतात. घसा मोकळा असतो, मेंदूचा आदेशच येत नाही. स्लीप स्टडीत छाती-पोटावरचे पट्टे हलत नाहीत, त्यावरून तो ओळखतात. उपचार आधी हृदयावर. एएसव्ही मशीन मात्र सरसकट नाही: 2015 च्या मोठ्या चाचणीत अशा कमजोर हृदयाच्या पेशंटचे मृत्यू त्याने वाढलेले दिसले.