नारायण ते रामदास
श्री समर्थांचे संक्षिप्त चरित्र

देवापुढे संकल्प सोडताना प्रत्येक भाविक आपले नाव व गोत्र उच्चारतो. हे नाव आईवडिलांनी दिलेले असते. परंतु महाराष्ट्रातील एका थोर सत्पुरुषाने आपल्या अंतःकरणातील नाते ओळखून वेगळे नाव धारण केले आणि आयुष्यभर त्या नावाप्रमाणेच आचरण केले. ते सत्पुरुष म्हणजे राष्ट्रसंत श्री समर्थ रामदास स्वामी होत.

समर्थांचा जन्म शके १५३० (इ.स. १६०८) मध्ये रामनवमीच्या दिवशी आजच्या जालना जिल्ह्यातील जांब या गावी झाला. वडील सूर्याजीपंत ठोसर व माता राणूबाई यांनी बालकाचे नाव नारायण ठेवले. ज्येष्ठ बंधू गंगाधरपंत यांना वडिलांकडून अनुग्रह लाभला होता. वडिलांचे छत्र लवकर हरपल्यावर बाल नारायण गावाबाहेरील मारुतीच्या देवळात चिंतनात बसू लागला.

पुत्राने संसारात रमावे या हेतूने मातेने बाराव्या वर्षी त्याचा विवाह ठरविला. विवाहस्थळ जांबजवळील आसनगाव हे होते. वाशिंदच्या पुढच्या रेल्वे स्थानकाचे नावही आसनगावच आहे. मात्र हे गाव मराठवाड्यातील होय. मंगलाष्टकांतील सावधानतेचा इशारा कानी पडताच नारायण मंडप सोडून निघून गेला, अशी परंपरा आहे.

पायी चालत तो नाशिकजवळ टाकळी येथे, गोदावरी व नंदिनी यांच्या संगमावर आला. तेथे त्याने बारा वर्षे तपश्चर्या केली. पहाटेपासून मध्यान्हापर्यंत नदीच्या पात्रात उभे राहून त्याने त्रयोदशाक्षरी राममंत्राचे तेरा कोटी जप पूर्ण केले, असे सांप्रदायिक चरित्रे सांगतात. याच काळात नारायण हे नाव मागे पडले व रामदास हे नाव रूढ झाले. कुलकर्णीपणाचे वतन, घराणे व कुल यांची ओळख मागे ठेवून श्रीरामाचा दास एवढीच ओळख त्यांनी स्वीकारली. उद्धवस्वामी हे त्यांचे पहिले शिष्य येथेच लाभले.

पुढील बारा वर्षे समर्थांनी भारतभर तीर्थाटन केले. चोवीस वर्षांनी ते जांबला परतले, तेव्हा पुत्रविरहाने माता दृष्टिहीन झाली होती. जगाचे रामदास तिच्यासाठी अजूनही नारायणच होते. समर्थांनी त्या हाकेला ओ दिली, मातेला अध्यात्म समजावून सांगितले आणि तिची अनुज्ञा घेऊनच पुन्हा प्रस्थान ठेवले. नवे नाव घेतले तरी मातेचे ऋण त्यांनी नाकारले नाही. ज्येष्ठ बंधू गंगाधरपंतही पुढे रामीरामदास या नावाने प्रसिद्ध झाले.

इ.स. १६४४ च्या सुमारास समर्थ कृष्णाकाठी आले. त्यांनी स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकी पहिला सातारा परिसरातील शहापूर येथे इ.स. १६४५ मध्ये स्थापन झाला. आपल्या तालुक्याशी नामसाम्य असलेले हे गाव कराड भागातील आहे. इ.स. १६४८ मध्ये चाफळ येथे श्रीराम मंदिर उभे राहिले. वीस दशके व दोनशे समास असलेल्या त्यांच्या महान ग्रंथाच्या शीर्षकातही, दासबोध या शब्दात, त्यांनी स्वतःस दासच म्हटले. लोकांनी मात्र त्यांना समर्थ ही पदवी दिली. दास हे नाव त्यांनी स्वतः निवडले, समर्थ हे नाव लोकांनी अर्पण केले. यातच त्यांच्या थोरवीचे मर्म आहे.

छत्रपती शिवाजी महाराजांच्या विनंतीवरून समर्थ इ.स. १६७६ मध्ये परळीच्या किल्ल्यावर राहावयास आले. तो गड सज्जनगड या नावाने विख्यात झाला. शके १६०३ (इ.स. १६८२) माघ वद्य नवमीस समर्थांनी तेथेच देह ठेवला. ही तिथी दासनवमी म्हणून पाळली जाते.

वाशिंदहून कसारा घाटमार्गे नाशिकला जाणाऱ्या भाविकांनी टाकळीच्या मठाचे व मारुतीचे दर्शन अवश्य घ्यावे. संकल्पात आपले नाव उच्चारताना त्या नावास साजेशी सेवा आपल्या हातून घडावी, हीच श्रीचरणी प्रार्थना.