डॉ. होमी भाभा आणि एका बापाचा शब्द

आमच्या घरातील मुलीने विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि संगणकाचा विषय घेऊन आणखी दोन वर्षे शिकण्याचा हट्ट धरला, तेव्हा घरात दोन तट पडले. पदवी पदरात पडली, आता नोकरी पाहावी, असे म्हणणाऱ्यांत मीही होते. त्याच सुमारास डॉ. होमी भाभांचे चरित्र माझ्या वाचनात आले. भगिनींनो, ते थोडक्यात सांगते.

होमी जहांगीर भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईस एका सुखवस्तू पारशी कुटुंबात झाला. १९२७ साली ते केंब्रिजला गेले. मुलाने यंत्रविद्या शिकून जमशेदपूरला टाटांच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हावे, ही वडिलांची इच्छा. मुलाचे मन मात्र गणितात आणि पदार्थविज्ञानात रमलेले. त्याने तसे स्पष्ट लिहून कळविले. वडील रागावून बसले नाहीत. आधी अभियांत्रिकीत पहिला वर्ग मिळवावा, मग गणितासाठी तेथेच राहावे, असे ठरले. १९३० साली होमींनी पहिला वर्ग मिळविला आणि वडिलांनी आपला शब्द पाळला. पुढे केंब्रिजलाच त्यांनी डॉक्टरेट मिळविली.

१९३९ साली ते सुट्टीत मायदेशी आले असता महायुद्ध पेटले आणि ते येथेच राहिले. काही वर्षे बंगळूरच्या विज्ञान संस्थेत काढून १९४५ साली त्यांनी टाटांच्या साहाय्याने मूलभूत संशोधनाची संस्था उभी केली. तुर्भ्याची ‘अप्सरा’ अणुभट्टी १९५६ साली सुरू झाली. त्यांच्या संस्थेतच ‘टिफ्रॅक’ हा संगणक घडला व १९६० साली कामाला लागला. त्या कामाचे प्रमुख आर. नरसिंहन हे अमेरिकेत विद्युत अभियांत्रिकीचे पदव्युत्तर शिक्षण घेऊन आलेले. पदवीपुढील वर्षांचे मोल मला येथे उमगले.

आपल्या शेजारच्या तारापूरचा अणुवीज प्रकल्पही भाभांच्याच योजनेतला. पण २४ जानेवारी १९६६ रोजी आल्प्स पर्वतात विमान कोसळून ते गेले. तारापूरची वीज १९६९ साली आली. ती त्यांना पाहायला मिळाली नाही.

आम्हीही मुलीला पहिल्या वर्गाचीच अट घातली. तिने ती पुरी केली आणि ती पुढे शिकते आहे. फीसाठी घरात काटकसर करावी लागते, हे खरे. पण दिलेला शब्द मोडायचा नाही, एवढे आम्ही ठरविले आहे.